माझ्या गाडीला तिच्या बॅगा

दसरा उलटून चार-सहा दिवस झाले की आमच्या कोथरूडच्या गल्लीत सातवीण फुलते. संध्याकाळी खिडकी उघडावी तर तो जड, गोडसर, डोकं धरायला लावणारा वास थेट घरात येतो. पूर्वी तो आला की उगाचच आनंद व्हायचा. पाऊस गेला, रस्ते कोरडे झाले, निघायचे दिवस आले! आजही काहीतरी होतं, पण त्याची चव निराळी असते. त्या चवीचं नाव मी बरेच दिवस घेत नव्हतो. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते घ्यावं लागलं. असूया, मत्सर असे भारदस्त शब्द आपल्याकडे आहेत, पण मला झाला होता तो साधा, घरगुती हेवा. आणि तोही सख्ख्या बायकोचा.

मी भोसरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढतो. अठरा वर्षं माझा एक नेम होता. दसरा झाला की कारखान्यातल्या दोघा मित्रांबरोबर मोटरसायकलवर दूर कुठेतरी जायचं. पन्नाशी गाठली तेव्हा हौसेनं क्रूझर घेतली. लांब, बुटकी, पाय पुढे सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखी चालवायची काळी गाडी. तिच्यावरून धनुष्कोडीला जायचं मी ठरवलं होतं. रामेश्वरच्या पुढे दोन्हीकडे समुद्र, मधे रस्ता, आणि एका ठिकाणी तो रस्ताच संपतो, ती जागा.

त्यासाठी मी चौकटीच्या कागदाची एक वही केली. क्रूझरला सामान लावणं वाटतं तितकं सोपं नसतं. मडगार्ड मागे उतरत जातं, सायलेन्सर लांबलचक असतो, सीट खाली असते. दोरी आवळून भागत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांची चौकट हवी, तिच्यावर दोन सॅडल बॅगा, आणि मागच्या सीटवर आडवी तिसरी बॅग. प्रत्येक नळीचं माप, प्रत्येक बोल्टची जागा मी त्या वहीत काढली होती. शेवटच्या पानावर मुक्कामाची गावं.

गाडी आठ महिने चालवली आणि पाठीच्या मणक्यानं दगा दिला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चालायचं भरपूर. दुचाकी मात्र विसरायची. मागे बसायचंसुद्धा नाही."

वर्षभर गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली उभी होती. येताजाता तिच्याकडे न बघण्याची सवय मी लावून घेतली. शेवटी विकायचं ठरवलं. एकजण गाडी बघायला येणार होता, त्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता मंजिरी म्हणाली, "विकू नका. मी शिकते."

मंजिरी, माझी बायको, एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. पंचवीस वर्षं स्कूटरवर जा-ये केलेली बाई. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. रोज सकाळी मैदानावर उभा राहून मीच तिला शिकवलं. पहिल्या आठवड्यात गाडी तिच्या अंगावर आली. उठली, कोपर झटकलं, पुन्हा बसली. त्यानंतर पडली नाही. मग तिच्याच वयाच्या गाडीवाल्या बायकांचा एक गट तिला भेटला. रविवारी सकाळी पानशेत, ताम्हिणी सुरू झालं. ती परत यायची तेव्हा हेल्मेटमुळे कपाळावर एक लाल रेघ उठलेली असायची. ती रेघ मला ओळखीची होती. अठरा वर्षं ती माझ्या कपाळावर होती.

नवरात्रात एका सकाळी ती म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजणी धनुष्कोडीला जातोय."

मी "वा!" म्हणालो. तो "वा" बाहेर पडायला किती वेळ लागला, ते तिला कळलं नसावं.

"तुमची ती वही द्याल का मला?"

दुसऱ्या बाईला दागिना उसना द्यावा तसा मी ती वही कपाटातून काढून आणली. देताना म्हणालो, "नीट वापर हं." ती वही माझी, ती गाडी माझी, तो रस्ता माझा. आणि जाणार ती.

हेव्याचं एक आहे. तो मोठ्या गोष्टींना धरून येत नाही, बारीक गोष्टींना चिकटतो. तिनं हातमोजे वाळत घातले की मला खुपायचं. कॉलेजातून येताना पेट्रोल भरून आली, टायरमधली हवा बघून आली, की खुपायचं. कोपऱ्यावरच्या गिरणीतून चकलीच्या भाजणीचा खमंग वास येत होता, सोसायटीतली पोरं माती कालवून किल्ले करत होती, सगळीकडे सुट्टीचे दिवस पसरले होते, आणि मी गॅलरीत पाठीला पट्टा बांधून बसलेला. खालून गाडी सुरू झाल्याचा तो खोल, संथ आवाज आला की माझा उजवा हात आपोआप वळायचा. मग मी तो मांडीखाली दाबून ठेवायचो.

त्यात शेजारचे आपटेकाका. निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं, पण प्रत्येक शब्दाला धार. पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "ऐकतोय ते खरं का? वहिनी रामेश्वरला निघाल्या?"

"हो. धनुष्कोडीला."

"छान. आणि आपण?"

"मी इथेच."

"म्हणजे यात्रा त्या करणार आणि मावंदं आपण घालणार," काका म्हणाले आणि पिशवी हलवत भाजीला निघून गेले.

बॅगा तिनं नाना पेठेतून आणल्या. जाड कापडाच्या, काळ्या, एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या. दुकानदार म्हणाला होता पाणी जात नाही. मंजिरीनं घरी आणून आत वर्तमानपत्राचा कागद ठेवला, बॅग न्हाणीघरात टांगली आणि वरून तीन बादल्या पाणी ओतलं. अर्ध्या तासानं कागद काढून उजेडात धरला. एका कोपऱ्यात ओल होती. "शिवणीतून जातंय," ती म्हणाली आणि आतून मेण घासत बसली. मग रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला आणि सामान भरलेल्या दोन्ही बॅगा त्याला लटकवून पाहिल्या. डावी, उजवी, पुन्हा डावी. दोन्हीकडे सारखं वजन होईपर्यंत पान्ह्यांची पिशवी इकडची तिकडे होत राहिली. मी दारात उभा राहून बघत होतो. अठरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी बॅग हातानं उचलून अंदाज घ्यायचो. तिचं जास्त बरोबर होतं, आणि म्हणून ते मला आणखीच आवडेना.

लोखंडी चौकट करायला येरवड्याच्या एका शेडमध्ये गेलो. शेड खांदव्यांची. मूळचे लोहगावचे, जमीन विमानतळाच्या आसपास कुठेशी गेली, मग वेल्डिंगमध्ये पडले. गाड्यांच्या चौकटी करण्यात हात बसलेला माणूस. मंजिरी गाडीवरून गेली आणि मी मेट्रोनं.

त्या दिवसातला हा भाग मला लख्ख आठवतो. मेट्रोच्या थंडगार डब्यात मी खिडकीशी बसलो होतो, आणि नळ स्टॉपच्या अलीकडे खाली पाहिलं तर सिग्नलला ती. गाड्यांच्या गर्दीत ती काळी गाडी लगेच ओळखू आली. एक पाय जमिनीवर टेकवलेला, पाठ ताठ. शेजारच्या स्कूटरवरची एक मुलगी तिला काहीतरी विचारत होती आणि ही मान वळवून हसत उत्तर देत होती. वरून तिचं हसणं ऐकू येत नव्हतं. माझा डबा सरळ पुढे सरकला, ती मागे राहिली. मी तिच्याआधी पोचणार होतो, सावलीत पोचणार होतो, आणि तरी मला तिच्या जागी, त्या उन्हात, त्या धुरात असायचं होतं.

खांदव्यांनी वही उघडली आणि चित्रावरून काळंभोर बोट फिरवलं. "साहेब, चित्र लई भारी हाय. पन चालवनार कोन?"

"मी," मंजिरी म्हणाली.

"मग बसा बरं वहिनी गाडीवर."

त्यांनी मागच्या सीटवर तिसऱ्या बॅगेच्या उंचीचा एक खोका ठेवला आणि तिला चढ-उतार करायला लावली. पाय पलीकडे टाकताना तिची टाच खोक्याला लागली. पुन्हा लागली.

"बघा. साहेबांची उंची आन तुमची उंची येक न्हाई. येळेला पाय अडकला तर गाडी घेऊन आडव्या व्हाल. सगळं दोन बोटं खाली घ्यू."

"वजन खाली आलेलं बरंच की," मंजिरी म्हणाली.

"हां. गाडी डुलनार न्हाई."

दोघांचं पटलं. माझं चित्र दोन बोटांनी खाली आलं. खांदव्यांनी खडूनं खुणा केल्या, नळ्या कापल्या, निळसर ठिणग्या उडाल्या. मी स्टुलावर बसून होतो. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

उजव्या बाजूला खाली सायलेन्सर असतो. मी चित्रात बॅग आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं अंतर ठेवलं होतं. ते आता दोनवर आलं होतं. कापडी बॅग भरली की एक बोट लोंबते, खड्ड्यात आणखी दबते. म्हणजे ती टेकणार. यावरही माझ्याकडे उपाय होता. वहीच्या पुढच्याच पानावर मी पत्र्याची एक ढाल काढून ठेवली होती, सायलेन्सरला वरून झाकणारी, चार बोल्टवर बसणारी. पान उलटायचा अवकाश होता.

मी ते उलटलं नाही.

विसरलो असं सांगता आलं असतं. बरेच दिवस मी स्वतःलाही तसंच सांगत होतो. पण मला आठवतंय, खांदव्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली तेव्हा त्या पानाच्या जागी मी अंगठा घातला होता. अंगठा तसाच ठेवून मी विचार केला होता, की पहिल्याच फेरीत काहीतरी बिघडू दे. फार नाही. थोडं करपू दे. ती घरी येऊन म्हणू दे, तुम्ही बरोबर असतात तर हे झालं नसतं. मग अंगठा काढून घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी ती एकटीच, सगळं सामान लादून, वाईपर्यंत चाचणीला गेली. "ओझ्यासकट गाडी कशी वळते ते कळायला हवं," म्हणाली. मी फाटकापर्यंत गेलो. वळणावर तिनं हात दाखवला आणि गाडी दिसेनाशी झाली. वर येऊन मी पेपर उघडला. एक बातमी तीनदा वाचली. दहा वाजता पोहे केले आणि खाल्ले नाहीत. थोडं करपू दे म्हटलं होतं, पण थोडं म्हणजे किती, हे सायलेन्सरला कोण सांगणार? बारा वाजेपर्यंत मी चार वेळा फोन केला. ती गाडीवर असताना फोन उचलत नाही, हा नियम तिला मीच घालून दिला होता.

दीडच्या सुमारास ती आली. मी धावत खाली गेलो, म्हणजे माझ्या पाठीला जमेल तेवढं धावत. उजवी बॅग जागेवर नव्हती. ती मागच्या बॅगेवर बांधून आणली होती, आणि तिचं बूड वितळून काळं, कडक झालं होतं. मी हात लावला. खालचा पट्टा अर्ध्याहून जास्त जळाला होता. उरला होता तो दोन-तीन धाग्यांवर. तो तुटता तर बॅग चाकात गेली असती.

"अहो, काय झालं ऐका तरी!" मंजिरीचा चेहरा उन्हानं तांबूस झाला होता आणि डोळे चमकत होते. "खंबाटकीच्या घाटात चढतेय, पुढे उसाची ट्रॉली, त्यामुळे हळूहळू. एकदम वास आला. मला वाटलं ट्रॉलीचाच. तर शेजारून एक ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतोय, मावशी, पेटलंय, पेटलंय! मी गाडी कडेला घेतली, पान्हा काढला, बॅग सोडवली आणि रस्त्यावर टाकून सगळं पाणी तिच्यावर. तो ट्रकवाला उतरला, त्यानं त्याच्या कॅनमधलं ओतलं. स्वेटर गेला. पावसाळी पँट गेली. मग म्हटलं इतकं आलेय तर वाईला जाऊनच यावं. नदीच्या घाटावर बसले, मिसळ खाल्ली, आणि आले!"

हे तिनं मला सांगितलं, मग आपटेकाकांना, मग फोनवर बंगळूरला असलेल्या आमच्या मुलीला, सईला. दर वेळी ट्रकवाला खिडकीतून थोडा जास्त बाहेर आला. आणि खरं सांगायचं तर, ज्या पट्ट्याचे धागे पाहून मी भ्यालो होतो, त्याच पट्ट्याची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकताना मला पुन्हा हेवा वाटला. तिच्याकडे आता एक गोष्ट होती. घाट, धूर, ट्रकवाला, मावशी. ती मी तिला दिली होती, आणि मला तीही हवी होती.

रात्रीच्या जेवणात ती म्हणाली, "चूक माझीच आहे. निघण्याआधी खाली वाकून बघायला हवं होतं. प्रयोगशाळेत मुलींना रोज सांगते, ज्योतीपासून लांब धरा म्हणून." मी आमटी वाढून घेतली.

मंगळवारी आम्ही दोघं पुन्हा येरवड्याला गेलो. खांदव्यांनी जळकी बॅग हातात घेऊन उलटीपालटी केली. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, ही माजी चूक. वीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात. माज्या हातनं असं कदी झालं न्हाई. बाईमानूस एकटी घाटात..." त्यांनी मान खाली घातली.

त्या वेळी मात्र मला ते ऐकवलं नाही. मंजिरीनं स्वतःला दोष दिला तेव्हा मी आमटी वाढून घेऊ शकलो होतो. पण एक कसबी माणूस आपल्या वीस वर्षांच्या कामावर माझ्यामुळे पाणी सोडतोय, हे समोर बसून बघणं जमेना.

"खांदवे, चूक तुमची नाही," मी म्हणालो. "अंतर कमी झालेलं मला तेव्हाच दिसलं होतं. ढालीचं चित्रही वहीत होतं." मी ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "मी बोललो नाही."

शेडमधला ग्राइंडर कुणीतरी बंद केला. खांदव्यांनी पान पाहिलं, मग माझ्याकडे, मग मंजिरीकडे, आणि "च्या सांगतो" म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मंजिरीनं वही माझ्या हातातून घेतली. ते पान नीट वाचलं. मापं, बोल्ट, कोपऱ्यात मी लिहिलेली सूचना: उजवी बाजू, उष्णता, विसरू नये. मग तिनं हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू करून ती निघून गेली.

परतीच्या मेट्रोत मी खिडकीतून खाली पाहिलं नाही.

घरी आलो तर ती चिवड्याचे पोहे भाजत होती. कढईत झारा फिरत होता, एका लयीत. मी ओट्याशी उभा राहिलो.

"सांगून टाकायचं ना, हेवा वाटतो म्हणून," ती मान वर न करता म्हणाली. "त्याला बॅग कशाला जाळायची?"

मी म्हणालो, "वाटतो. फार वाटतो. तू गाडी पुसतेस तेव्हासुद्धा वाटतो."

झारा थांबला. तिनं गॅस बारीक केला.

"तुम्ही हिमालयात काझाला गेला होतात. सई तेव्हा दहावीत. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये. बॅग मी भरली होती."

"आठवतं."

"तिच्यात लोकरीचे मोजे नव्हते."

मला आठवलं. बोटं बधिर होऊन दोन दिवस वर्तमानपत्राचे कागद बुटात घालून मी गाडी चालवली होती.

"ते मी काढून ठेवले होते," मंजिरी म्हणाली. "मुद्दाम. आणि येऊन तुम्ही तो किस्सा दिवाळीभर सांगत होतात. आल्या-गेल्याला. मला वाटलं होतं तुम्हाला घराची आठवण येईल."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"पण मोज्यांनी माणूस मरत नाही," ती म्हणाली. "पट्टा तुटला असता तर?"

पोह्यांचा वास थोडा करपट यायला लागला होता, तिनं कढई उतरवली. मी चूक कबूल केली, क्षमा मागितली, तिनं ऐकून घेतलं. क्षमा केली असं म्हणाली नाही. हात धुऊन समोर येऊन बसली. "वही आणा. पहिल्या पानापासून सांगा. सगळं. तुम्हाला जे माहीत आहे आणि लिहिलेलं नाही, तेही."

तसे चार दिवस आम्ही बसलो. तिकडे खिडकीबाहेर पोरांच्या किल्ल्यांवर हळीव उगवून हिरवंगार झालं होतं, आणि इकडे आम्ही जेवणाच्या टेबलावर वही पसरून. जड वस्तू तळाशी आणि पुढे, इंजिनाकडे. पट्ट्याचं मोकळं टोक कधी लोंबतं ठेवायचं नाही, गाठ मारून आत खोचायचं. पहिले शंभर किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण नवीन लोखंड बसतं. रोजचं लागणारं मागच्या बॅगेत, वरच्या थरात, म्हणजे रस्त्यावर संसार मांडावा लागत नाही. अठरा वर्षांत हाताला जे जे कळलं होतं ते मी सांगत गेलो आणि ती लिहून घेत गेली. सांगता सांगता वाटायचं, आता माझ्याकडे काही उरत नाही. तरी सांगत राहिलो. खांदव्यांनी ढाल बसवली, नव्या बॅगेला खालून आधाराची आडवी पट्टी दिली. तिनं खाली वाकून सगळं स्वतः पाहिलं. मी आवळलेला प्रत्येक बोल्ट तिनं माझ्यादेखत पुन्हा आवळला. मला ते लागलं, तरी पान्हा तिच्याकडे देत राहिलो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली. वही घेऊन.

मग माझे दिवस. सकाळी कारखाना, संध्याकाळी कपभर चहा, फराळाचे डबे, मुक्कामाला पोचल्यावर येणारा तिचा फोन. आज चित्रदुर्ग, आज कृष्णगिरी. गावांची नावं माझ्या अक्षरात लिहिलेली, आणि ती तिच्या तोंडून ऐकायची. ती विचारायची, जेवलात का, पाठ कशी आहे. मी विचारायचो, रस्ता कसा होता. ती सांगायची आणि मी डोळे मिटून ऐकायचो. फोन ठेवला की घर फार नीटनेटकं वाटायचं.

पाचव्या दिवशी दुपारी, कारखान्यात डबा उघडला होता, तेवढ्यात तिचा फोन. मदुराईच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी होती. मागचे दिवे लागत नव्हते, आणि अंधाराआधी पोचण्याची खात्री नव्हती. बॅगा लावताना ते दिवे सरकवावे लागले होते, त्यामुळे वायर लांबवलेली होती.

"सीट उघड. डावीकडे काळी पट्टी गुंडाळलेला जोड दिसतोय?"

"थांबा. हं, दिसला."

"लाल वायर सुटलीय का?"

"लाल घट्ट आहे. निळी हलतेय."

"निळीच ती. टोक सोलून पुन्हा पिळून घाल. उलट्या बाजूला पिळू नकोस."

तिकडे वारा होता. मोठ्या गाड्या जात होत्या, प्रत्येक गाडीबरोबर तिचा श्वास ऐकू येईनासा व्हायचा. माझ्या समोर डब्यातली भाजी गार होत होती आणि माझी बोटं टेबलावर हवेतली वायर पिळत होती.

"लागले!" ती ओरडली. मागे टाळ्या वाजल्या. आणि कुणीतरी, एका जाड, मोकळ्या आवाजाच्या बाईनं, लांबून हाक मारली, "मंजू! अगं चल, उशीर होतोय!"

"आले गं!" मंजिरी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी डबा झाकला. तिला मंजू कुणी म्हणत नाही. माहेरी ती थोरली, म्हणून ताई. कॉलेजात मॅडम. सईची आई. मी मंजिरी म्हणतो, नाहीतर अगं. सव्वीस वर्षांत मला ते नाव लहान करावंसं वाटलं नव्हतं, आणि हल्लीच्या ओळखीत एका बाईनं ते केलं होतं. तिनं किती सहज ओ दिली होती! गाडीचा, रस्त्याचा, समुद्राचा, सगळा हेवा एकीकडे आणि हा एकीकडे. उरलेले सात दिवस मी तो एकट्यानं घेऊन हिंडलो. मेट्रोत, अंघोळ करताना, एकदा आपटेकाकांशी बोलता बोलतासुद्धा, मी ते नाव मनात म्हणून बघत होतो. तोंडात बसत नव्हतं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो खोल आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. मी गॅलरीत गेलो. गाडी फाटकातून आत आली, धुळीनं तिचा काळा रंग विटकरी झालेला. मंजिरीनं स्टँड लावला, हेल्मेट काढलं, केस झटकले. चेहरा इतका रापला होता की डोळ्यांभोवती चष्म्याचा आकार पांढरा राहिला होता. मी कठडा धरला आणि हाक मारली, "मंजू!"

तिनं झटकन वळून फाटकाकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू आधीच आलेलं, बरोबरच्यांपैकी कुणीतरी मागोमाग आलंय असं वाटून. फाटकात कुणी नव्हतं. तिनं रस्त्यावर डोकावून पाहिलं. मग इकडेतिकडे, आणि शेवटी वर.

मी जिना उतरून खाली गेलो तोवर ती गाडीला टेकून उभी होती.

"आत्ता हाक कुणी मारली?"

"मी."

ती दोन पावलं जवळ आली. अंगाला पेट्रोलचा, घामाचा, खाऱ्या वाऱ्याचा वास.

"परत मारा बघू," ती म्हणाली.

मला दुसऱ्यांदा जमलं नाही. मी खाली वाकलो आणि बॅगांचे पट्टे सोडायला लागलो.